हॉल बुक आहे

देवानंद साठवणेला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, आणि भिलाईतल्या मराठी लोकांना त्याचा हाच गुण फार आवडायचा. कुणाच्या क्वार्टरचं छत गळो, कुणाच्या पोराची शाळेत ॲडमिशन अडो, लोक देवानंदकडे यायचे. तो पोलादाच्या कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होता, चार साहेबांच्या टेबलापर्यंत त्याची ऊठबस होती. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "होऊन जाईल बाप्पा, टेन्शन नको घेऊ." माणूस हसत परत जायचा. काम व्हायचं तेव्हा व्हायचं, नाही झालं तर देवानंद इतक्या गोडीनं कारण सांगायचा की माणूस तेव्हाही हसतच परत जायचा. या दोन 'होऊन जाईल' मधला फरक फक्त त्याच्या बायकोला, साधनाला, आवाजावरून कळत असे.

वैनगंगा मंडळाचा सचिवही तोच होता. भंडारा, गोंदिया, नागपूरकडून पोट भरायला आलेल्या लोकांचं हे मंडळ. गणपती, कोजागिरी, पोरांची नाटकं. कारखान्याच्या टाउनशिपनं नाममात्र भाड्यानं जागा दिली होती, आणि तिथं लोकांनी सुट्ट्यांच्या दिवशी स्वतः गिट्टी-रेती वाहून एक हॉल उभा केला होता. मागं स्वयंपाकघर, दोन खोल्या, समोर लांब व्हरांडा. लग्नसराईत त्याला फार मागणी असे. चावी देवानंदकडे असायची.

श्यामराव गजभिये आणि देवानंद एकाच साली तुमसरकडून भिलाईला आले होते. कॅम्प नावाच्या मजूरवस्तीतल्या एका खोलीत दोघांनी एका स्टोव्हवर तीन वर्षं भात शिजवला. पुढं देवानंद ऑफिसात गेला, श्यामराव क्रेनवर चढला. साधना लग्न होऊन आली तेव्हा दुर्ग स्टेशनवर तिची पेटी उचलायला श्यामराव होता. त्याची पोरगी रत्नमाला तर अर्धी साधनाच्याच घरी वाढली. दर चैत्रात श्यामरावची बायको अंजनाबाई लेकीला घेऊन साधनाकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यायची आणि रत्नमाला आंब्याच्या डाळीची वाटी पुसून खायची. गजभिये बौद्ध, साठवणे तेली. पण देवानंदच्या घरी त्याचं काही नव्हतं. "आमच्या घरी जातपात नाही. श्यामराव आमच्या सोबत पंगतीला बसतो," असं तो चारचौघांत सांगायचा. जरा जास्तच वेळा सांगायचा, पण ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या वर्षी रत्नमालाचं लग्न ठरलं. ती बी.एस्सी. होऊन शाळेत शिकवत होती, मुलगा राजनांदगावचा. श्यामराव संक्रांतीच्या सुमारास देवानंदकडे आला.

"देवाभाऊ, बुद्धपौर्णिमेले लग्न धरलं. हॉल पायजे."

"होऊन जाईल ना! आपल्या रत्नाचं लग्न, अन् हॉलचं काय विचारतं!"

हे पहिल्या जातीचं 'होऊन जाईल' होतं. देवानंद खरंच मनापासून बोलला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मंडळाच्या अध्यक्षांकडे, भैय्याजी देशकरांकडे गेला. भैय्याजी कारखान्यात मोठे साहेब. बोलणं शांत, कपडे कडक इस्त्रीचे. नाव ऐकून ते थोडा वेळ पेपरच चाळत राहिले.

"देवानंद, मला व्यक्तिशः काही नाही," ते म्हणाले. "पण ते स्वयंपाकघर बायकांनी सोवळ्यासारखं ठेवलंय. त्याच भांड्यांत गणपतीचा प्रसाद होतो. उद्या कोणी म्हणालं, या भांड्यात कोण शिजवून गेलं, तर तू काय उत्तर देशील?"

"पण श्यामराव आपलाच मेंबर हाये, भैय्याजी. गिट्टी वाहाले होता तो."

"म्हणूनच तर त्याचं मन दुखवायचं नाही. नाही म्हणू नकोस. बुक आहे म्हण. कुणाला वाईट वाटायला नको."

देवानंद तिथून निघाला तेव्हा त्याला राग आलेला नव्हता. उलट एक बारीकशी सुटका वाटली होती. भांडण टळलं, वाट सापडली. ती सुटका त्याला पुढं कित्येक महिने आठवणार होती.

आठवड्यानं त्यानं श्यामरावला गाठलं. "घोटाळा झाला यार श्यामभाऊ. त्या तारखेले हॉल पहिलेच बुक निघाला. मलेच माहीत नोहतं."

श्यामरावनं कपाळावर हात मारला. "माहीच चूक झाली. लवकर सांगाले पायजे होतं. तुले उगीच तरास दिला, माफ कर."

"माफी कायची!" देवानंद म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण श्यामरावनं लग्नाचा मांडव घातला तो नेमका हॉलच्या मागच्या मैदानात. त्याच्या क्वार्टरला तेच मैदान जवळचं होतं. आता लग्नाच्या दिवशी हॉलला कुलूप दिसलं तर सगळंच उघडं पडणार. देवानंद घाबरून पुन्हा भैय्याजींकडे गेला. भैय्याजी हसले. "अरे, मग काहीतरी ठेवून दे त्या दिवशी. हॉल तुझ्याच हातात आहे."

घरी येऊन त्यानं साधनाला सांगितलं, "बुद्धपौर्णिमेले हॉलमधी बायकांचं हळदीकुंकू ठेवाचं हाये. चैत्रगौरीचं. तू बोलाव पंधरा-वीस जणींले."

साधना तांदूळ निवडत होती. "चैत्रगौर अक्षय तृतीयेले उठली."

"मंडळाची उशिरा उठते समज."

"रत्नाचं लग्न हाये त्या दिवशी."

"आपण संध्याकाळी जाऊन येऊ ना आहेर घेऊन."

साधनानं त्याच्याकडं एकदा पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. तिनं विचारलं नाही याचं देवानंदला तेव्हा बरंच वाटलं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की डांबरावर चपला चिकटत होत्या. हॉलमध्ये टेबलावर गौर मांडली होती, आसपासच्या क्वार्टरांतल्या दहा-बारा बायका पंख्याखाली बसल्या होत्या. भैय्याजींची पत्नी वसुंधराबाई मध्यभागी. बाकी सगळा हॉल रिकामा. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांच्या थप्प्याही काढल्या नव्हत्या. मागच्या मैदानातून लाउडस्पीकरवर वंदनेचे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. बायका आवाज चढवून बोलत होत्या, जणू ते ऐकू येतच नाही. साधना एकेकीला कुंकू लावत होती. तिनं कुणाला चुकवलं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास आंधी उठली. भिलाईत मे महिन्यात उठते तशीच, पण त्या दिवशी जरा दांडगी. आभाळ पिवळं झालं, मग विटकरी झालं. मांडवाचे दोन बांबू उन्मळले, कापड फाटून विजेच्या तारांवर जाऊन अडकलं. पंगत बसली होती. पत्रावळी अन्नासकट उडाल्या. लेकरं रडायला लागली, म्हातारी माणसं तोंडाला पदर-धोतर लावून मिळेल तिकडं धावली. आणि जवळची पक्की जागा एकच होती.

हॉलचं दार वाजलं. देवानंदनं दाराची एक फळी उघडली तर समोर श्यामराव. नव्या सदऱ्यावर धूळ, डोळ्यांत धूळ. त्याच्या मागं व्हरांड्यात पन्नासेक माणसं दाटीनं उभी. नवरदेवाची आजी खाली बसली होती, तिला धाप लागली होती. रत्नमाला पांढऱ्या साडीत होती आणि ती साडी लोखंडाच्या मातीनं लाल झाली होती.

"देवाभाऊ, म्हाताऱ्या मानसाईले दहा मिनटं आत बसू दे. वारं थांबलं का निघतो."

देवानंद दारात आडवा उभा होता. त्याच्या मागून वसुंधराबाईंचा आवाज आला, "कोण आहे हो? दार लावा, धूळ येते ना सगळी."

तो बाजूला झाला असता तर? पुढं तो स्वतःला हेच विचारत राहिला. एक पाऊल. त्या क्षणी त्याच्या तोंडून मात्र सवयीनं, गोड आवाजात निघालं, "श्यामभाऊ, आत बायकांचा प्रोग्राम सुरू हाये यार. व्हरांड्यात थांबा ना. पाणी पाठवतो मी."

श्यामरावनं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. टेबलावरची गौर पाहिली. साधना हातात करंडा घेऊन उभी होती, तिच्याकडंही पाहिलं. आजीबाईला त्यानं दोन्ही हातांवर उचललं आणि धुळीतच पायऱ्या उतरून गेला. मागोमाग सगळा व्हरांडा रिकामा झाला. रत्नमाला शेवटी गेली. जाताना म्हणाली, "काका, पाणी नका पाठवू."

संध्याकाळी आहेर घेऊन जायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

रत्नमाला सासरी गेली, पण गप्प बसली नाही. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं; तिनं भोपाळच्या आयोगाकडं तक्रार केली. अनुसूचित जाती-जमातींच्या तक्रारी ऐकणारा हा आयोग. नुकतेच त्याला कोर्टासारखे समन्स काढायचे अधिकार मिळाले होते. सरकारी जमिनीवर उभ्या हॉलमध्ये जातीवरून दार लावलं, असं तिचं म्हणणं होतं. पावसाळा सरता सरता मंडळाला समन्स आलं. सुनावणी दुर्गला, कलेक्टर कचेरीच्या एका खोलीत. सचिव, अध्यक्ष आणि कार्यक्रमाच्या यजमान म्हणून साधना साठवणे, तिघांनाही हजर राहायचं होतं.

"घाबरायचं कारण नाही," भैय्याजी देवानंदला म्हणाले. "कार्यक्रम होता की नाही? होता. तेवढंच सांगायचं."

आदल्या दिवशी देवानंदनं साधनाला दोनदा सगळं पढवलं. दर वर्षी होतं, आधीच ठरलं होतं, बायकाच ठरवतात. साधना "हो" म्हणाली, "हो" म्हणाली, आणि देवासमोर दिवा लावायला निघून गेली.

आयोगाचे अधिकारी केवलराम टंडन इकडचेच, बेमेतऱ्याकडचे सतनामी, म्हणजे छत्तीसगडातल्या दलित समाजातले. पन्नाशीचा थकलेला माणूस, सारखा खोकत होता. खोलीत पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. एका बाजूच्या बाकावर श्यामराव, अंजनाबाई आणि रत्नमाला. दुसऱ्या बाजूला ही तिघं. मध्ये हातभर जागा. इतक्या वर्षांत श्यामराव आणि देवानंद असे समोरासमोर कधी बसले नव्हते. बसले तेव्हा शेजारीच बसले होते.

टंडनसाहेबांनी आधी श्यामरावला विचारलं. तो उभा राहिला. "साहेब, हॉल बुक हाये म्हणून सांगतलं, मी मान्य केलं. उलट मीच ह्याले म्हनलं, का बाबा उशीर केला, मले माफ कर." त्यानं देवानंदकडं बोट दाखवलं. "मी माफी मांगतली साहेब. तेच मनाले लागते. बाकी हॉल गेला खड्ड्यात."

देवानंदनं मान खाली घातली. फरशीवर कुणाच्या तरी बुटाची चिखलाची नक्षी उमटली होती. ती तो पाहत राहिला.

"आप बताइए, कौन सा प्रोग्राम था?" टंडनसाहेबांनी त्याला विचारलं.

"चैत्रगौरी का हल्दी-कुंकू साहब. हर साल रहता है. पहले से तय था."

साहेब लिहून घेत होते. रत्नमाला बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, चैत्रगौर अक्षय तृतीया को उठ जाती है. बुद्धपूर्णिमा उसके बाद आती है." मग ती देवानंदकडं वळली आणि मराठीत बोलली, "मले माहीत आहे काका. मी दरवर्षी तुमच्याच घरी येत होती."

टंडनसाहेब पुढं काय म्हणाले ते देवानंदला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. ते साधनाला बोलावत होते.

"बहनजी, आप यजमान थीं. प्रोग्राम कब तय हुआ था?"

साधना उठली. पदर खांद्यावर घेतला आणि देवानंदकडं पाहिलं. तो तिला सांगू शकत होता की बस, मी बोलतो. बाकावरून उठायचं तेवढं बाकी होतं. पण त्याच्या मनात त्या घटकेला एकच इच्छा होती: हिनं खोटं बोलावं. जन्मात जी खोटं बोलली नाही तिनं आज बोलावं आणि त्याला वाचवावं. ती इच्छा त्याच्या तोंडावर लिहिलेली असावी. साधनानं ती वाचली आणि तोंड फिरवलं.

"मला हिंदी नीट येत नाही साहेब, मी मराठीतच सांगते," ती म्हणाली. टंडनसाहेबांनी मान डोलावली. "प्रोग्राम बिग्राम काही नोहता. हॉल रिकामा दिसू नये म्हणून ठेवला. यांनी मले कावून ते सांगतलं नाही, अन् मी विचारलंही नाही. कारण मले माहीत होतं. त्या स्वयंपाकघरात त्यांनी शिजवावं हे माह्याही मनाला नको होतं. अंजनाबाई माह्या घरी येते तेव्हा चालते, पण तिथं नको होतं. असं कावून, ते मले सांगता येत नाही. आजी धापा टाकून राहिली होती अन् मी करंडा धरून उभी होती. एवढं लिहा."

ती बसली. अंजनाबाईनं डोळ्याला पदर लावला. तो साधनासाठी की स्वतःसाठी, कुणास ठाऊक.

"ये सही है?" टंडनसाहेबांनी देवानंदला विचारलं.

"हो," तो म्हणाला. हिंदीही सुचली नाही.

"हॉल नहीं देना है, ये किसने तय किया?"

"मंडळानं."

"मंडल मतलब कौन?"

देवानंदनं भैय्याजींकडं पाहिलं. भैय्याजी शांतपणे पुढं झुकले. "सर, कार्यकारिणी में ऐसा कोई निर्णय कभी नहीं हुआ. सचिव ने अपने मन से कुछ किया हो तो हमें दुःख है." त्यातला एकही शब्द पकडता येण्यासारखा नव्हता. देवानंद थक्क होऊन ऐकत राहिला. तोच मऊ आवाज, तीच समजूतदार मान. आपणही श्यामरावशी असंच बोललो होतो, अगदी असंच.

"इन्होंने कहा था साहब," तो म्हणाला. "बुक है बोल दो, इन्होंने कहा."

"कहा होगा," टंडनसाहेब म्हणाले. त्यांना खोकल्याची उबळ आली, ते पाणी प्यायले. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "साठवणेजी, एक बात बताइए. अध्यक्ष ने कहा इसलिए किया, या आपको भी ठीक लगा?"

हजार माणसांना हजार कारणं सांगितलेला देवानंद. त्याला त्या वेळी भैय्याजींच्या बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडताना वाटलेली ती बारीकशी सुटका आठवली. टंडनसाहेबांनी बराच वेळ वाट पाहिली, आणि मग पुढचं लिहायला घेतलं.

आयोगाचा निकाल दिवाळीनंतर आला. हॉल सगळ्यांना खुला, बुकिंगच्या तारखा बाहेर बोर्डावर लिहायच्या, नाही तर जागेचा करार रद्द करण्याची शिफारस. सचिवाला पदावरून काढावं. भैय्याजींविरुद्ध पुरावा नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवायचा का, हे तक्रारदारावर सोडलं होतं. रत्नमालानं कळवलं: गुन्हा नको, मंडळाच्या सभेत सचिवांनी उभं राहून माफी वाचावी.

मंडळातले लोक घरी येऊन देवानंदचं सांत्वन करू लागले. "बळीचा बकरा केला तुम्हाला." "मोठे सुटले, लहान अडकले." सिविक सेंटरच्या बाजारात भाजी घेताना एक जण हात दाबून म्हणाला, "आम्ही तुमच्या सोबत आहो, साठवणेजी. या लोकाईले जरा जास्तच डोक्यावर बसवलं सरकारनं." देवानंद "जाऊ द्या" म्हणाला. रस्ता ओलांडल्यावर त्याला उमगलं की त्या माणसाच्या हाताची ऊब त्याला बरी वाटली होती. तो भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभा राहिला, आणि इतकी शरम त्याला दुर्गच्या त्या खोलीतही वाटली नव्हती.

माफीनामा त्यानंच लिहिला. अक्षर सुरेख, भाषा सुरेख. साधनाला वाचून दाखवला. "कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असल्यास..."

"असल्यास?" साधना म्हणाली. "दुखावलं. अन् कळतच दुखावलं."

त्यानं खोडलं. पुढचं वाक्य वाचलं, "परिस्थितीमुळे..." साधना काही बोलली नाही, तरी त्यानं तेही खोडलं. खोडता खोडता चारच ओळी उरल्या.

सभेला माणसं थोडीच होती. भैय्याजींना त्या दिवशी ताप होता. रत्नमाला नवऱ्यासोबत आली, शेवटच्या रांगेत बसली. श्यामराव आला नाही. देवानंद उभा राहिला. "श्यामराव गजभिये यांना हॉल बुक आहे असं मी खोटं सांगितलं. ते बौद्ध आहेत म्हणून सांगितलं. आंधीत त्यांच्या माणसांना दारातून परत पाठवलं. मी त्यांची आणि रत्नमालाची माफी मागतो." चार ओळी वाचायला किती वेळ लागतो? पण दुसऱ्या ओळीला तो असा अडखळला की ती त्याला पुन्हा वाचावी लागली, आणि पुन्हा वाचल्यामुळं ती दोनदा ऐकू गेली. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. रत्नमाला उठली, "ठीक आहे" म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही नव्हता. पोरांचे पेपर तपासून झाल्यावर मास्तरीण उठते तशी ती उठली होती.

त्या हिवाळ्यात हॉलमध्ये कॅम्पातल्या एका बौद्ध घरचं लग्न लागलं. देशकरांच्या ओळखीतल्या चार घरांनी मात्र हॉल घेणं सोडलं. त्यांना आता दुर्गची मंगल कार्यालयं सोयीची वाटू लागली.

उन्हाळ्यात श्यामराव रिटायर झाला. त्यानं टाउनशिपबाहेर, रिसालीत दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, तिकडं राहायला गेला. देवानंद एका रविवारी सकाळी स्कूटरवर तिथं गेला. साधना म्हणाली होती, "मी येत नाही. मी अंजनाबाईकडं वेगळी जाऊन आली." कधी गेली, काय बोलली, तिनं सांगितलं नाही.

श्यामराव अंगणात पपईच्या झाडाला आळं करत होता. त्यानं फावडं खाली ठेवलं नाही.

"श्यामभाऊ, सभेले आला नाही तू."

"पोरीले ऐकाचं होतं, तिनं ऐकलं. मले तुले तसं उभं पाहाचं नोहतं."

"तुही माफी मांगाले आलो मी. कोणाच्या सांगण्यावरून नाही."

श्यामरावनं दोन फावडी माती ओढली. "मांगतली तू. मी ऐकली. आता काय करू तिचं, सांग. पहिल्याच दिवशी तोंडावर म्हनला असता, का श्यामभाऊ, हे लोक हलकट हायेत अन् माह्यात दम नाही. तर मी त्याईले शिव्या देल्या असत्या अन् तुह्याच घरी जेवलो असतो. दम नसते मानसात, मले समजते. पण तू तर तिकडून बोलत होता, अन् मले वाटे इकडून बोलून राहिला."

"आता काय करू मी?"

"मले काय मालूम." तो पुन्हा वाकला. "अंजनाले वहिनी बोलावते, ती जाईल. त्याईचं त्या पाहतील. माह्याच्यानं सध्या नाही होत देवाभाऊ."

त्यानं 'देवाभाऊ' म्हटलं होतं. देवानंद फाटकापाशी थोडा वेळ उभा राहिला. श्यामराव आळ्यात पाणी सोडत होता. पाणी भरलं, आळं फुटलं, त्यानं मातीनं पुन्हा बांधलं. मग देवानंदनं स्कूटरला किक मारली.

घरी साधना दारातच भेटली. "काय म्हणाले भाऊजी?"

"चांगले बोल—" त्यानं सुरुवात केली, तोच गोड आवाज घशाशी आला, आणि तो थांबला. चपला काढल्या. भिंतीला हात टेकला.

"ये-बस म्हणाला नाही," तो म्हणाला.